निदानास हरकत नाही

मोटार सुरू झाली की डॅशबोर्डावरचा लाल दिवा विझायला हवा. माझ्या गाडीचा विझत नव्हता. गोष्ट एवढीच होती, आणि ती एवढ्यावरच राहिली असती तर आमच्या इमारतीत मी आजही ताठ मानेने वावरलो असतो.

दिवा तरी केवढा, तर शेंगदाण्याएवढा. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. विझला म्हणजे इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर वीज तयार करतोय आणि बॅटरी भरतेय. पेटून राहिला म्हणजे बॅटरी नुसती रिकामी होतेय, आत काही येत नाही. हे सगळं मी फोर्टातल्या फुटपाथवर मिळालेल्या एका जाड पुस्तकात वाचलं. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. वाचल्याशिवाय आम्ही कशावरच सही करत नाही.

गाडी फियाट, अर्थात दुसऱ्या हाताची. आधीच्या मालकाने तिचा जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवून घेतला होता, आणि मुलगी बी.ए. आहे हे स्थळाला सांगावं तशा आवाजात ते मला सांगितलं होतं. मी खूश होऊन मान हलवली होती.

एरवी त्या दिव्याकडे मी काणाडोळा केला असता. माणूस किती गोष्टींकडे करतो. पण शकुताईचं लग्न तोंडावर आलं होतं.

शकुताई माझी मोठी बहीण. टेलिफोन खात्यात, परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर ऑपरेटर. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर घर तिने ओढलं, माझं कॉलेज तिने केलं, मरोळची ही जागा घेताना सह्या माझ्या आणि कर्जाचे हप्ते तिचे. या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच असं आम्ही धरून चाललो होतो. आणि मग मुलुंडचे अनंतराव परुळेकर आले. ड्राफ्ट्समन, बिजवर, बोलणं अगदी कमी. लग्न मुलुंडला, एका लहानशा हॉलात ठरलं. शकुताईने शालू मागितला नाही, वाजंत्री मागितली नाही. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "नंदू, मी तुझ्या गाडीतून जाणार हं. जिन्याखालीच बसणार. गेटच्या आत."

हे 'गेटच्या आत' आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बोर्डावर रात्रपाळ्या असतात आणि रात्रपाळीच्या बायकांना पहाटे व्हॅन घरी सोडते. सुरुवातीला ही व्हॅन आमच्या आवारात येऊन जिन्यापाशी थांबायची. मग एक दिवस फळ्यावर सूचना लागली : 'वेळी-अवेळी परकी वाहने आवारात आणू नयेत.' नाव कुणाचंच नव्हतं. जिन्यात मात्र नाव घेऊन बरंच बोललं गेलं. त्या दिवसापासून शकुताई कोपऱ्यावर, पिठाच्या गिरणीपाशी उतरायची आणि तिथून चालत यायची. कित्येक वर्षं. ती याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. आईसुद्धा नाही. मी आतल्या आत धुमसायचो आणि ऑफिसला जायचो.

ती सूचना लिहिली होती आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी वनमालाबाई पाटकर यांनी. सूचना अजून लागू आहे. टॅक्सी आणि रिक्षा हीसुद्धा परकी वाहनं, त्यांनी गेटाबाहेर थांबायचं. म्हणजे माझी गाडी बंद पडली, तर हिरवा चुडा भरलेली माझी बहीण सगळ्या गॅलऱ्यांसमोरून गेटपर्यंत चालत जाणार आणि कोपऱ्यावर टॅक्सीत बसणार. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मेकॅनिककडे का गेलो नाही, असं कोणीही विचारेल. गेलो होतो. मरोळ नाक्यावर काशीराम नावाचा गाड्यांच्या विजेचं काम करणारा माणूस आहे. त्याने बॉनेट उघडलंदेखील नाही. बाहेरूनच गाडीकडे बघून म्हणाला, "साहेब, वायरिंग सगळी काढावी लागेल. गाडी सोडून जा. बघू." त्याच्या शेडमध्ये एक अँबॅसॅडर होती. तिच्या टपावर वाल वाळत घातले होते आणि चाकाजवळ भेंडी उगवली होती. मी गाडी सोडली नाही.

पुस्तक होतं, रविवार होता, मी पदवीधर होतो. दोष घरीच शोधायचा असं मी ठरवलं.

बॉनेट वर करून मी दांडी लावतो न लावतो तोच वनमालाबाई खाली आल्या. त्यांच्या हातात नियमांची पुस्तिका होती, ती असतेच.

"साळसकर, आवारात वाहनदुरुस्तीला मनाई आहे."

"दुरुस्ती नाही करत मी. निदान करतोय."

"म्हणजे?"

"डॉक्टर नाडी बघतो, त्याला कोणी ऑपरेशन म्हणतं का? मी फक्त नाडी बघतोय."

त्या विचारात पडल्या. मला वाटलं, जिंकलो. पण दावे विभागात इतकी वर्षं काढूनही मी हे विसरलो होतो, की नियमात बसत नाही अशी गोष्ट दिसली की ऑफिस ती नाकारत नाही, अर्ज मागतं. मी अर्ज दिला. दोन प्रतींत. कमिटीची सभा भरली. 'निदान' म्हणजे नेमकं काय आणि ते कुठे संपतं यावर आमच्या इमारतीतली शहाणी माणसं दोन चहा होईपर्यंत बोलत राहिली. शेवटी ठराव झाला : 'श्री. नंदकिशोर साळसकर यांना आवारात स्वतःच्या वाहनाचे निदान करावयास हरकत नाही. दोष आढळल्यास दुरुस्ती आवाराबाहेर करावी. बंद पडलेले वाहन आवारात ठेवता येणार नाही.' वर वनमालाबाईंनी तोंडी भर घातली, की हातात पाना दिसला की ती दुरुस्ती समजली जाईल.

पुढच्या रविवारी मी पाना वर्तमानपत्रात गुंडाळून खाली नेला.

तळमजल्यावरचे जयवंतराव सावंत मदतीला आले. म्हणजे खुर्ची घेऊन आले. गोदीतून निवृत्त झालेला हा माणूस, मूळचा कुडाळचा. "माका ह्यातला सगळा म्हायत आसा," ते म्हणाले. "गोदीत मी क्रेन चलवलंय." क्रेनचा आणि फियाटचा संबंध मी विचारला नाही. वडीलधारा माणूस, आणि शिवाय कमिटीत अटी नकोत म्हणून हात वर करणारा तो एकटाच होता.

अल्टरनेटर एका रबरी पट्ट्यावर फिरतो. पुस्तकात लिहिलं होतं, पट्टा अंगठ्याने दाबून बघा, फार खाली जाता कामा नये. माझा पट्टा वापरून सैल झालेल्या नाडीसारखा लोंबत होता. दोष सापडला होता. अल्टरनेटर बाहेरच्या बाजूला ओढून धरायचा आणि नट आवळायचा, एवढंच काम. ओढायला काहीतरी दांडा हवा होता, म्हणून मी आईचं लाटणं मागवलं. जयवंतरावांनी लाटण्यावर सगळा भार टाकला, मी वर्तमानपत्रासकट नट आवळला, आणि अग्रलेखाचा बराचसा भाग इंजिनात राहिला. लाटण्याला जो डाग पडला तो अजून गेलेला नाही. आमच्याकडच्या पोळ्यांना त्यानंतर काही दिवस ग्रीसचा वास यायचा असं माझी बायको क्षमा म्हणते. मला तसा आला नाही.

खरं तर त्या कामाची घाई व्हायला आदल्या दिवशीचा एक प्रसंग कारण होता. शकुताईला घेऊन मी अंधेरी मार्केटला गेलो होतो. वाटेत तो लाल दिवा सारखा डोळ्यांसमोर. मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघत होता, आणि केळेवाल्याची हातगाडी कधी समोर आली ते कळलंच नाही. केळी वाचली. केळेवाल्याने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. शकुताईने फक्त त्या दिव्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

पट्टा आवळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून गाडीत बसलो. इंजिन सुरू केलं. डॅशबोर्डावर बघितलं. दिवा नव्हता.

इंजिन रेटून बघितलं, तरी नाही. हेडलाइट लावले, तरी नाही. मी जिन्यातून वर जाताना प्रत्येक मजल्यावर थांबलो आणि सांगितलं. क्षमाला पेढे आणायला पाठवलं. वनमालाबाईंना पेढा देताना मी म्हणालो, "निदान पूर्ण झालं." त्यांनी पेढा घेतला आणि 'काम संपले' अशी नोंद करायला आत गेल्या. शकुताई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. मी तिच्यापुढे पेढा धरला. ती काहीतरी बोलायला गेली. मी म्हणालो, "आधी तोंड गोड कर. तुझा भाऊ इंजिनियर झाला." तिने माझ्याकडे बघितलं, पेढा तोंडात टाकला आणि हसली.

त्याच आठवड्यात अनंतराव लग्नाच्या बोलण्यासाठी आले. निघताना मी म्हणालो, "थांबा, सोडतो ना मुलुंडला. आपली गाडी आहे." साकीनाक्याने सरळ जायचं सोडून मी आरे कॉलनीचा रस्ता धरला. झाडी आहे, हवा चांगली, पाहुण्याला बरं वाटेल, असा माझा विचार. तिन्हीसांजेची वेळ, म्हणून हेडलाइट लावले.

तबेले सुरू झाले तसा उजेड पिवळा पडत गेला. मला वाटलं संध्याकाळच तशी आहे. समोर म्हैस आली म्हणून हॉर्न दाबला तर तो खोकला. म्हैस हलली नाही. मी ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं, आणि मग किल्ली फिरवल्यावर नुसता टक् असा आवाज आला. पुन्हा टक्. त्यानंतर तेवढाही नाही. लाल दिवा मात्र विझलेलाच होता. तो माझ्या बाजूने होता असं मला तेव्हाही वाटत होतं.

अनंतराव सफारी सूटमध्ये होते. लग्नासाठी शिवलेला नसावा अशी मी प्रार्थना केली. ते उतरले, पँट दोन घड्या वर केली आणि म्हणाले, "तुम्ही स्टिअरिंग धरा." होणारा जावई मागून गाडी ढकलतोय आणि मुलीचा भाऊ आत बसलाय, हे दृश्य तबेल्यातल्या सगळ्यांनी धारा सोडून बघितलं. दोघं-तिघं मदतीलाही आले. रस्ता कसला होता ते सांगायला नको, अनंतरावांच्या बुटांवरून कळत होतं. बस स्टॉपपर्यंत आम्ही गाडी आणली. त्यांनी रुमालाने हात पुसले आणि फार हळू विचारलं, "लग्नाच्या दिवशी आमच्याकडून टॅक्सी पाठवू का? संकोच करू नका."

"नको," मी म्हणालो. "आमची गाडी आहे."

म्हणताना माझा हात गाडीच्या टपावर होता. अनंतराव बसमध्ये चढले आणि खिडकीतून हात केला. सज्जन माणूस. त्यानेच जास्त लागलं.

यापुढे सल्ल्यांना ऊत आला. तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की पेट्रोलात भेसळ असेल. क्षमाच्या माहेरून कळलं की फियाट घ्यायलाच नको होती. जयवंतराव म्हणाले, "नंदू, माझा ऐक. ह्यो बॅटरीचो दोष. नायतर गाडयेक दृष्ट लागली हा." दोन्हींवर इलाज झाले. आईने गाडीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, आणि काशीरामने माझी बॅटरी भरायला ठेवून घेऊन मला भाड्याची बॅटरी दिली. भाड्याच्या बॅटरीवर गाडी झकास चालली. दोन दिवस. मग तीही बसली. काशीरामने ती काढून माझी भरलेली लावली, मग तीही बसली. माझी आणि भाड्याची अशा दोन बॅटऱ्या मी हातगाडीवरून नाक्याला पोचवत होतो आणि आणत होतो. काशीराम प्रत्येक वेळी म्हणायचा, "साहेब, कॉइल जळली असेल. गाडी सोडून जा. बघू." मी म्हणायचो, दिवा विझलाय, म्हणजे चार्जिंग होतंय, पुस्तकात लिहिलंय. तो म्हणायचा, मग पुस्तकातच बसून जा.

आणि मग वनमालाबाईंनी ठरावातलं तिसरं वाक्य काढलं. बंद पडलेलं वाहन आवारात ठेवता येणार नाही. चौघांनी गाडी ढकलून गेटाबाहेर काढली. बाहेर जागा एकच होती, कोपऱ्यावर, पिठाच्या गिरणीपाशी. दुपारपर्यंत तिच्यावर पिठाचा थर बसला.

संध्याकाळी शकुताई खिडकीत उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. आईला म्हणाली, "माझ्याच जागेवर उभी केलीय गं तिला."

ती हसतच म्हणाली. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी पुस्तक उघडलं, पण त्यातलं एक अक्षर दिसेना.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी कासारीण आली आणि शकुताईचे हात हिरवेगार करून गेली. घरात पाहुणे, दारात आंब्याचं तोरण. जयवंतराव मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, टॅक्सीवाला त्यांच्या ओळखीचा आहे, सांगून ठेवतो, कोपऱ्यावर उभा राहील. 'कोपऱ्यावर' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत थांबा.

काशीरामकडून भरलेली बॅटरी आणून लावली आणि गाडी सुरू करून मी ती सरळ आत, जिन्याखाली आणली. चालू आहे तोवर ते बंद पडलेलं वाहन नव्हतं. वनमालाबाई गॅलरीत आल्या. मी वर बघून म्हणालो, "निदान."

पुस्तकात शेवटचा एक उपाय होता. एका लहान बल्बाला दोन वायरी जोडायच्या. एक टोक बॅटरीच्या अधिक खुणेच्या टोकाला लावून ठेवायचं, दुसरं अल्टरनेटरच्या एकेका टोकाला टेकवत जायचं. कुठे पेटतो, कुठे नाही, त्यावरून दोष कळतो. मी टॉर्चचा बल्ब लावला. तो एकदा लखकन पेटून गेला, कायमचा. जयवंतराव देवघरातला झिरोचा बल्ब घेऊन आले. तो घरच्या विजेचा, गाडीच्या बॅटरीवर त्याला जाग येईना. मी तिथेच पायरीवर बसलो. इंजिन चालू, अंधारात दिसावं म्हणून लावलेले हेडलाइट पिवळे पडलेले, बॅटरी उतरत चाललेली, आणि माझ्याकडे एक बल्ब नाही.

शकुताई गॅलरीतून बघत होती. ती खाली आली. "गाडीच्या ॲशट्रेत एक आहे बघ," ती म्हणाली. "लहानसा."

होता. मी कुठला, कुणाचा, काही विचारलं नाही. वायरी जोडल्या. आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, कारण बाकीचे सगळे सल्ला देण्यात गुंतले होते. तिने पदर खोचला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि विचारलं, "कुठे जायचंय?" मी म्हणालो, कुठे नाही, फक्त उजव्या पायाने हळू दाब.

जाड वायरीच्या टोकाला वायर टेकवली. काही नाही. मग बाजूच्या बारीक वायरीच्या टोकाला टेकवली. बल्ब पेटला, चांगला ठसठशीत. आणि माझ्या हातात असतानाच मंद होत होत विझला. त्याच क्षणी इंजिनाचा आवाज जड झाला. पिवळे पडलेले हेडलाइट पांढरे झाले, इतके, की समोरच्या भिंतीवरची 'येथे थुंकू नये' ही अक्षरं जयवंतरावांनी मोठ्याने वाचली. आई म्हणाली, "मी काही नाही केलं रे."

मी पुस्तक धावत आणलं. होतं, तिथेच होतं, छोट्या अक्षरांत. अल्टरनेटर आपणहून सुरू होत नाही. पंपात आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं तशी त्याला आधी थोडी वीज द्यावी लागते. आणि ती जाते त्या लाल दिव्यातून. दिवा नुसती बातमी देत नाही, तोच त्याला उठवतो. दिवा नसेल तर पट्टा कितीही आवळा, अल्टरनेटर नुसता फिरत राहतो.

म्हणजे पट्टा मी बरोबर आवळला होता. दिवा त्यानंतर विझला नव्हता. नव्हताच.

मी डॅशबोर्डाखाली हात घातला. बल्बाचं भोक रिकामं होतं. हातातल्या बल्बाकडे बघितलं, मग शकुताईकडे.

"ताई, हा बल्ब कुठला?"

"तिथलाच," ती म्हणाली. "मी काढला होता. तू पट्टा आवळलास ना, त्याच संध्याकाळी."

"तू?"

"तुझं रस्त्याकडे लक्षच नसायचं रे. सगळं त्या दिव्याकडे. त्या दिवशी केळेवाला वाचला, उद्या कोणी मूल आलं असतं म्हणजे?" ती पुढे झाली. "आमच्या बोर्डावर असंच करतात. दिवा पेटला म्हणजे कोणीतरी बोलावतंय. उचललं की विझतो. कोणी बोलावत नसताना पेटून राहिला की बाकीच्या कॉलवर लक्ष राहत नाही. मग त्याचा बल्ब काढून ठेवायचा आणि मेकॅनिकला सांगायचं. मी सकाळी तुला सांगणारच होते."

"मग?"

"तू पेढे वाटत होतास."

ती खालच्या आवाजात म्हणाली, "बॅटरीचं झाल्यावर मनात आलं होतं, सांगावं. पण मला वाटलं, दिवा काय, नुसता सांगायला असतो. त्याच्या असण्या-नसण्याने कुणाचं काय अडतंय?"

मी पायरीवर बसलो. रागवायचं असं मनाशी ठरवूनही मला राग आला नाही. मला रडू येत होतं, आणि समोर जयवंतराव होते.

"आई, तू उतर," शकुताई म्हणाली. इंजिन बंद करून ती सीटवर आडवी झाली आणि चुडा भरलेला हात कोपरापर्यंत डॅशबोर्डाखाली घातला. आई ओरडली, "अगं बांगडी वाढेल, काढ हात." आतून बांगड्यांचा आवाज येत राहिला. तिने बघितलंही नाही, नजर वर छताकडे होती. बोटांनीच जागा शोधली आणि बल्ब बसवला. मी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन सुरू केलं. विझला.

"ही दुरुस्ती झाली," वरून आवाज आला. वनमालाबाई खाली उतरत होत्या.

मी गाडीतून उतरून उभा राहिलो. बरीच वर्षं तयार असलेली काही वाक्यं माझ्याकडे होती आणि आज ती सगळी बोलायची असं मी ठरवलं. पण जयवंतराव मधे आले. "बल्ब शकून बसवल्यान," ते म्हणाले. "नवरयेक दंड लावतलास काय तुमी?"

वनमालाबाई शकुताईच्या हातांकडे बघत होत्या. हिरव्या चुड्याला काळं तेल लागलं होतं. त्यांनी कमरेचा रुमाल काढून तिच्यापुढे धरला. शकुताईने हात पुसले.

"मला काही पाना दिसला नाही," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुऊन, झेंडूची माळ लावून जिन्याखाली उभी होती. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. शकुताई उतरली, गाडीत बसली. पदर दारात अडकला म्हणून पुन्हा उतरली आणि पुन्हा बसली. पदर अडकला नव्हता हे मी बघत होतो. मी काही घाई केली नाही. वनमालाबाईंनी गेटाची दोन्ही दारं स्वतः उघडून धरली होती. तो मान होता, की गाडी एकदाची बाहेर जातेय याची खातरजमा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पिठाच्या गिरणीपाशी शकुताई मागून म्हणाली, "नंदू, इथे हॉर्न दे." मी दिला. चांगला लांबलचक. गिरणीवाला बाहेर आला आणि त्याने पिठाचे हात जोडले.

लग्न नीट पार पडलं. अनंतराव त्याच सफारीत रिसेप्शनला उभे राहिले, त्यावर डाग नव्हता.

परतताना क्षमा पाहुण्यांबरोबर पुढे गेली होती. गाडीत मी आणि आई. आई पुढे बसली. मागची सीट रिकामी होती, तिथे झेंडूची चार फुलं आणि तांदूळ पडले होते. आम्ही दोघांनी मागे बघितलं नाही. मी किल्ली फिरवली.

"पेटलाय रे तो," आई म्हणाली.

"पेटायलाच हवा, आई."

मी गाडी सुरू केली. आई वाकून त्या जागेकडे बघत राहिली.

"विझला," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसले आणि खिडकीकडे तोंड केलं. "उचललं म्हणायचं कोणीतरी. चल आता."